सात स्वरांची मंडळी

सप्तस्वरांचें नांव धारण करणारी एक मंडळी जपानांत १९९३ सालीं निघाली, आणि तिनें गायनशाळा न काढतां व्हिडिओ-खेळ काढले! 'नानाओन-शा' या नांवाचा अक्षरशः अर्थ 'सात स्वरांची मंडळी' असाच होतो. व्हिडिओ-खेळ म्हटला कीं आपल्या घरांतील वडील माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्या घालून चालत नाहीं.

मंडळीचे संस्थापक मासाया मात्सुउरा हे मूळचे संगीतकार. त्यांचा 'पाराप्पा द रॅपर' हा खेळ १९९६ च्या डिसेंबरांत सोनी कंपनीच्या 'प्लेस्टेशन' यंत्राकरितां प्रसिद्ध झाला. त्याचा नायक कागदासारखा चपटा असा एक कुत्रा. चित्रें रॉडनी ग्रीनब्लाट या अमेरिकन चित्रकाराचीं. कांद्याच्या डोक्याचा गुरु तालांत एक ओळ म्हणतो, व खेळणारानें बटणें दाबून ती परत म्हणावयाची. एवढ्यानें झालें तें पाठांतर. बिनचूक नक्कल करणारास 'चांगला' इतकीच पावती मिळते. वरची श्रेणी हवी तर ताल सांभाळून त्या ओळींत स्वतःची भर घालावी लागते. आणि ती लाभली म्हणजे गुरु चक्क पडदा सोडून निघून जातो, शिष्याला मोकळें सोडतो! आमच्या परीक्षापद्धतीला अद्याप हें धैर्य झालेलें नाहीं.

पुढें कोनामी कंपनीचे 'बीटमेनिया' (१९९७) व 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' (१९९८) हे खेळ गाजले. त्यांत मान अचूकपणाला. आणि बाजारहि, आमच्या मतें, त्याच वाटेनें गेला.

मात्सुउरांची दृष्टि निराळी होती. १९९९ च्या 'व्हिब-रिबन'मध्यें काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांची एक सशीण एका रेघेवरून चालते, बस्स. परंतु खेळणारानें घरची कोणतीहि गाण्याची तबकडी यंत्रांत घालावी, आणि त्या गाण्यावरून वाटेंतले खड्डे-अडथळे यंत्रानें रचावे, अशी त्यांत सोय होती. हें साधलें याचें कारण सारा खेळ यंत्राच्या स्मृतींत मावेल इतका आटोपशीर ठेवलेला होता, त्यामुळें मूळ तबकडी काढून घेतां येई. चित्रांच्या त्या दारिद्र्यावरच गाण्याची ही श्रीमंती उभी होती.

अमेरिकेंत तो त्या वेळीं विक्रीस आलाच नाहीं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला-संग्रहालयानें २०१२ सालीं प्रथम जे १४ व्हिडिओ-खेळ घेतल्याचें जाहीर केलें त्यांत मात्र तो होता. तेथील गिऱ्हाइकांस तो मिळाला २०१४ सालीं.