डिस्प्ले येत नाही : न्हावा शेवा पट्ट्यातले सर्व्हर आणि काळी स्क्रीन

सर्व्हरवर व्हर्च्युअलायझेशनचे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायला घेतले की पहिला मेनू नीट दिसतो. एंटर दाबल्यावर दोन-चार ओळी सरकतात आणि स्क्रीन काळी पडते. पंखे फिरत असतात, डिस्कचे दिवे लुकलुकत असतात, समोर मात्र काहीच नाही. देखभालीची कामे घेणारी मंडळी याला ‘डिस्प्ले येत नाही’ एवढेच म्हणतात. या तक्रारीत यंत्र बिघडलेले असण्याची शक्यता कमीच असते. ते चालू असते, फक्त त्याची अक्षरे दुसरीकडे जात असतात किंवा कुठेच जात नसतात. असे का व्हावे, याचे उत्तर संगणक आणि पडदा यांच्यात गेल्या साठ वर्षांत किती मध्यस्थ शिरले यात सापडते. ही कहाणी सुरू झाली अमेरिकेत. पण सर्व्हर बंद पडला की किती काय थांबते हे पाहायचे, तर उरण तालुक्यातल्या जासईच्या आसपासचा पट्टा सोयीचा आहे.

जासई हे मुळात भातशेतीचे गाव. आजूबाजूला खाड्या आणि मिठागरे. सिडको या शहर नियोजन महामंडळाची स्थापना 17 मार्च 1970 रोजी झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. मोबदल्याच्या प्रश्नावर 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासई-दास्तान फाटा आणि नवघर इथे आंदोलन झाले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. नेतृत्व दि. बा. पाटील यांचे होते आणि त्यांचे जन्मगाव जासईच. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना या लढ्यातून पुढे आली. पाच वर्षांनी, 26 मे 1989 रोजी, शेजारीच न्हावा शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि या परिसरात शेतीच्या जागी कंटेनर आले.

कंटेनर हा नुसता लोखंडी खोका नसतो, तो एक क्रमांकही असतो. मालकाची तीन अक्षरे, प्रकार सांगणारे एक अक्षर, सहा अंक आणि शेवटी पडताळणीचा एक अंक. हा क्रमांक कोणत्या जहाजातून उतरला, यार्डात कोणत्या रांगेत कितव्या थरावर आहे, कस्टम्सने सोडला की नाही, हे सारे कुठेतरी नोंदलेले असावे लागते. वर्षाला काही लाख कंटेनर असतील तर ही नोंद वहीत मावत नाही. 1999 मध्ये बंदरातले पहिले खासगी टर्मिनल सुरू झाले, 2006 मध्ये गेटवे टर्मिनल्स इंडियाचे टर्मिनल आले, आणि 2024-25 मध्ये बंदराने 70 लाखांहून अधिक टीईयू (वीस फुटी कंटेनरचे माप) हाताळले. जासई, चिर्ले, द्रोणागिरीच्या बाजूला सीएफएस म्हणजे कंटेनरमधला माल हाताळणारी केंद्रे, गोदामे आणि रिकाम्या कंटेनरची यार्डे वाढत गेली. उत्तरेकडे महापे, रबाळे, ऐरोली इथे डेटा सेंटर उभी राहिली, तर बेलापुरात स्टेट बँकेचे संगणक केंद्र. मोठ्यांकडे रॅकच्या रांगा असतात. छोट्या कार्यालयांत एकच सर्व्हर आणि एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभाल करारावर, येणारा इंजिनीअर, एवढ्यावर भागवले जाते. त्या एका सर्व्हरवर हिशेब, गेट पास आणि फाइल सर्व्हर अशी तीन-चार कामे वेगवेगळी ठेवायची, तर व्हर्च्युअल मशीनना पर्याय नसतो.

एका यंत्रात अनेक यंत्रे चालवण्याची ही युक्ती बंदरापेक्षा बरीच जुनी आहे. आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या केंद्रात 1960च्या दशकात सीपी-40 आणि मग सीपी-67 या प्रणाली तयार झाल्या, आणि 1972 मध्ये व्हीएम/370 बाजारात आली. गंमत अशी की तिथे काळी स्क्रीन शक्यच नव्हती, कारण सीपी-67 चालवणाऱ्यासमोर टाइपरायटरसारखे टर्मिनल असे आणि यंत्र बोलेल ते कागदावर उमटे. 

स्वस्त पीसी प्रोसेसरवर ही युक्ती चालवणे अवघड होते, कारण इंटेलच्या जुन्या रचनेत काही सूचना गुपचूप वेगळ्या वागत. 1998 मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने त्यातून वाट काढली आणि 2001 मध्ये सर्व्हरसाठीचे ईएसएक्स आणले. 2005-06 मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच सोय केली, 2007 मध्ये व्हर्च्युअल मशीन चालवणारे केव्हीएम लिनक्सच्या कर्नलमध्ये आले, 2008 मध्ये त्यावर आधारलेले प्रॉक्समॉक्स. प्रोसेसरमधली ही सोय बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या फर्मवेअरमध्ये, बंद असेल तर डिस्प्ले जातो असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. इन्स्टॉलर त्याबद्दल स्पष्ट शब्दांत इशारा देतो, आणि इशारा वाचता येतो याचाच अर्थ पडदा शाबूत आहे.

पडद्याची गोष्ट वेगळी आणि अधिक गुंतागुंतीची. 1987 मध्ये आयबीएमने व्हीजीए आणले. त्यात 80 स्तंभ आणि 25 ओळींचा अक्षरांचा पडदा होता आणि मेमरीतल्या ठरावीक जागी अक्षराचा क्रमांक लिहिला की ते अक्षर पडद्यावर उमटे. मध्ये कोणी नाही, परवानगी नाही, ड्रायव्हर नाही. इन्स्टॉलर कितीही प्राथमिक अवस्थेत कोसळला तरी शेवटची ओळ पडद्यावर राहून जाई आणि दुरुस्ती करणाऱ्याला तेवढ्यावरून अंदाज बांधता येई. पुढची सगळी प्रगती म्हणजे या सरळ वाटेवर एकामागून एक बसवलेले टोलनाके आहेत.

पहिला नाका बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयचा. त्यात अक्षरांचा पडदा उरला नाही. हे नवे फर्मवेअर चित्राची एक चौकट तयार करून सुरू होणाऱ्या प्रणालीच्या हाती देते आणि बाजूला होते. दुसरा नाका लिनक्सचा. 2009 मध्ये 2.6.29 या आवृत्तीपासून पडद्याचे रिझोल्यूशन ठरवण्याचे काम कर्नलने स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली. फायदा मोठा होता, लुकलुकणे थांबले. पण कर्नलने फर्मवेअरची चौकट मोडून स्वतःची उभी करायची आणि त्याच क्षणी कार्डाचा ड्रायव्हर चुकीचा किंवा अपुरा निघायचा, तर चौकट ना जुनी ना नवी. मेनू दिसतो आणि लगेच अंधार होतो, तो बहुधा याच क्षणाचा. म्हणूनच सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत उपयोगी उपाय म्हणजे ग्रब या बूटलोडरच्या मेनूवर ‘ई’ची की दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडणे. तो कर्नलला सांगतो की पडद्याला हात लावू नकोस, फर्मवेअरने दिले आहे त्यावर भागव. प्रॉक्समॉक्सने 2023 मध्ये आवृत्ती 8.0 पासून इन्स्टॉलरला अक्षरी पर्यायही दिला. चित्रमय इन्स्टॉलर अडला तर हा पर्याय चालतो आणि घाईच्या कामात तोच आधी निवडलेला बरा.

व्हीएमवेअरच्या बाजूला अंधाराचे कारण वेगळे आणि थोडे हास्यास्पद आहे. ईएसएक्सचा पुढचा अवतार असलेला ईएसएक्सआय सुरू होताना मॉड्यूल हलवून कर्नल सुरू करत असल्याची ओळ दिसते आणि मग काही सर्व्हरवर तीच ओळ गोठून राहते. पुष्कळ वेळा कर्नल व्यवस्थित सुरू झालेला असतो. मदरबोर्डच्या फर्मवेअरने त्याला कळवलेले असते की या यंत्राला पडदाच नाही, आणि तो ते मुकाट्याने मानतो. सुरुवातीला शिफ्ट आणि ‘ओ’ दाबून ‘इग्नोअरहेडलेस’ हा पर्याय खरा ठरवला की पडदा परत येतो. खरोखर कोसळलेला ईएसएक्सआय असा गप्प बसत नाही. तो जांभळी स्क्रीन आणि कारणांची लांबलचक यादी दाखवतो. मुके यंत्र आणि मेलेले यंत्र यांतला फरक आधी ओळखणे ही या धंद्यातली खरी हुशारी. कीबोर्डवरचे नमलॉक दाबून दिवा बदलतो का पाहावे, ऑल्ट आणि एफ12 दाबून ईएसएक्सआयची नोंदवही दिसते का पाहावे, यंत्राला पत्ता मिळाला असल्यास दुसऱ्या संगणकावरून पिंग करावे. यांतले एक जरी उत्तर आले तरी यंत्र जिवंत आहे, आणि मग रॅम काढून पुसत बसण्यात अर्थ नाही.

तिसरा नाका सर्व्हरच्या मदरबोर्डवरच असतो. 1998 मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी आयपीएमआय हे मानक आणले. मुख्य संगणक बंद असला तरी जागा राहणारा एक छोटा संगणक त्याच बोर्डवर असतो आणि त्याच्यामार्फत मैलोगणती दूर बसून यंत्र चालू-बंद करता येते. डेलचे आयड्रॅक, एचपीचे आयएलओ ही त्याचीच रूपे. अनेक बोर्डांवर या छोट्या संगणकाच्या चिपमध्येच साधे ग्राफिक्स असते. अशा सर्व्हरमध्ये कोणी वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवले की पडदे दोन होतात आणि चित्र कोणत्या तोंडातून बाहेर पडेल ते बायोसमधल्या प्राथमिक डिस्प्लेच्या सेटिंगवर ठरते. मॉनिटर एका कार्डाला, चित्र दुसऱ्याला, अशी गफलत होते. मोठ्या मेमरीच्या कार्डांसाठी 4 जीबीच्या वरच्या पत्त्यांची परवानगी बायोसमध्ये द्यावी लागते, नाहीतर कार्ड धड सुरूच होत नाही. भरीला स्वस्त कन्व्हर्टर आणि स्विच आहेत. मॉनिटर आपली ओळख केबलमधून सांगत असतो. ती मध्येच गळली तर संगणक भलतेच रिझोल्यूशन निवडतो. मॉनिटर थेट लावून पाहणे हा बिनखर्चाचा उपाय आहे, आणि तो सर्वांत शेवटी आठवतो.

एक अंधार मात्र मागून घेतलेला असतो. ग्राफिक्स कार्ड एखाद्या व्हर्च्युअल मशीनला पूर्णपणे देऊन टाकले की यजमान यंत्राचा पडदा तिथेच थांबतो. हा दोष नाही, व्यवहार आहे.

पडदा काळा आणि यंत्र जिवंत, असे आतापर्यंतचे चित्र. 27 जून 2017 नंतर न्हावा शेवाला जे दिसले ते याच्या नेमके उलट होते. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम पसरला आणि मेर्स्क या जहाज वाहतूक समूहाच्या जाळ्यातून त्याच समूहाच्या एपीएम टर्मिनल्सपर्यंत पोहोचला. त्यात न्हावा शेवाचे गेटवे टर्मिनलही होते. तिथल्या संगणकांवर अवलंबून असलेले काम ठप्प झाले. बाधित संगणकांचे पडदे रिकामे नव्हते. आधी डिस्क तपासत असल्याचे सोंग, मग लाल अक्षरांत 300 डॉलरची मागणी. पडदा बोलत होता आणि यंत्र गेलेले होते, कारण डिस्कवरची फायलींची मूळ सूची कुलूपबंद झाली होती. इथे कोणताही बूट पर्याय उपयोगाचा नव्हता. मेर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे सांगितले की सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक दहा दिवसांत पुन्हा उभारावे लागले. सर्व वापरकर्त्यांची यादी सांभाळणाऱ्या सर्व्हरची शाबूत प्रत उरली होती ती घानातल्या कार्यालयात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. व्हर्च्युअल मशीन असल्याने यात संरक्षण मिळत नाही. आत विंडोज असेल तर ती आभासी यंत्रातही तशीच बळी पडते. जाळ्यापासून तोडलेला बॅकअप असेल तर मात्र नवे यंत्र उभे करायला वेळ कमी लागतो.

नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतले, कायमस्वरूपी परवाने बंद केले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये मोफत ईएसएक्सआयही थांबवले. एप्रिल 2025 मध्ये मोफत आवृत्ती परतली, पण तोवर छोट्या कार्यालयांनी आपल्या जुन्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स चढवायला सुरुवात केली होती. जुने बोर्ड आणि नवे कर्नल ही जोडी काळ्या स्क्रीनला आमंत्रणच देते. इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्ह रुफस या प्रोग्रामने तयार केला असेल तर तो डीडी पद्धतीने लिहिलेला हवा, आणि ‘नोमोडसेट’ लावून इन्स्टॉल केले असेल तर तो शब्द बसवलेल्या प्रणालीच्या ग्रबच्या फाइलमध्येही आहे का ते तपासावे लागते. नाहीतर पहिल्याच रीबूटला अंधार परत येतो. तसा तो आला तरी बरेचदा काम अडत नाही. नेटवर्क चालू असेल तर शेजारच्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि 8006 हा पोर्ट क्रमांक टाकला की व्यवस्थापनाचे पान उघडते, आणि पुढची सगळी कामे तिथूनच होतात.