एकपृष्ठी अनुप्रयोगांतील पत्ते व मार्गनिर्धारण

महाजालावरील जो अनुप्रयोग एकदाच मागविलेल्या पृष्ठात चालतो व वापरणाऱ्याच्या कृतीनुसार त्या पृष्ठाचा आवश्यक तेवढाच भाग जावास्क्रिप्ट भाषेतील आज्ञावलीने बदलतो, त्यास एकपृष्ठी अनुप्रयोग म्हणतात. पडद्यावरील स्थिती आणि ब्राउझरमध्ये दिसणारा पत्ता (यूआरएल) यांचा मेळ राखण्याच्या क्रियेस मार्गनिर्धारण (राउटिंग) अशी संज्ञा आहे. हा मेळ नसल्यास एकाने पाहिलेला मजकूर दुसऱ्यास दुव्याने पाठविता येत नाही, वाचनखूण निरुपयोगी ठरते आणि ब्राउझरचे ‘मागे’ हे बटण भलत्याच ठिकाणी नेते.

पूर्वपीठिका : टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेत मांडलेल्या महाजालाच्या कल्पनेत दस्तऐवज व त्याचा पत्ता यांचा संबंध गृहीत होता. पत्त्याच्या रचनेचे नियम डिसेंबर १९९४ मध्ये आरएफसी १७३८ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. पत्त्याला जोडल्या जाणाऱ्या ‘#’ या चिन्हानंतरचा भाग पृष्ठातील विशिष्ट जागा दाखविण्यासाठी होता. तो ब्राउझरपुरताच राहतो व सर्व्हरकडे जात नाही. या लहानशा नियमाचे परिणाम पुढे दूरगामी ठरले. पत्ते बदलू नयेत, असे आग्रही प्रतिपादन बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये केले होते.

अजॅक्सचा उदय : १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ या ब्राउझरमध्ये पृष्ठ न बदलता सर्व्हरकडून माहिती मागविण्याची सोय झाली. जीमेल (२००४) व गूगल मॅप्स (२००५) यांमुळे तिचे सामर्थ्य सर्वांच्या ध्यानी आले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीस ‘अजॅक्स’ हे नाव दिले. मात्र पृष्ठ बदलत नसल्याने पत्ताही बदलत नसे. गूगल मॅप्समध्ये नकाशा कितीही सरकविला तरी पत्ता तोच राही. त्या स्थितीचा दुवा मिळविण्यासाठी वेगळी कळ ठेवावी लागली होती.

‘#’ चा आधार : ‘#’ नंतरचा भाग बदलला तरी पृष्ठ पुन्हा मागविले जात नाही, या गुणाचा उपयोग करून अनुप्रयोगाची स्थिती त्या भागात लिहिण्याची युक्ती रूढ झाली. प्रारंभी तो भाग बदलला की नाही हे आज्ञावलीला ठराविक क्षणांनी तपासत राहावे लागे. २००९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ८ ने या बदलाची सूचना देणारी ‘हॅशचेंज’ ही घटना उपलब्ध केली. पुढे इतर ब्राउझरांनीही ती स्वीकारली.

हा भाग सर्व्हरला अज्ञात असल्याने शोधयंत्रांना असा मजकूर सापडत नसे. त्यावर तोडगा म्हणून गूगलने २००९ मध्ये ‘#!’ या चिन्हजोडीची योजना सुचविली. अशा पत्त्याचे शोधयंत्राने ठराविक नियमाने रूपांतर करावे व सर्व्हरने त्यास तयार पृष्ठ द्यावे, असे तिचे स्वरूप होते. ट्विटरने २०१० च्या नव्या रचनेत हे पत्ते वापरले. फेब्रुवारी २०११ मध्ये गॉकर समूहाच्या संकेतस्थळांनी तीच पद्धत अंगीकारली. परंतु जावास्क्रिप्टमधील बिघाडामुळे त्यांवरील मजकूर दिसेनासा झाला आणि या पद्धतीवर टीका झाली. ट्विटरने मे २०१२ मध्ये ही पद्धत सोडण्याचे जाहीर केले व पहिले चित्रण पुन्हा सर्व्हरकडे सोपविले. गूगलने ऑक्टोबर २०१५ मध्ये आपली शिफारस मागे घेतली. तथापि या काळात लोकांनी इतरत्र उद्‌धृत केलेले दुवे उरलेच. ‘#’ पुढील भाग सर्व्हरला दिसत नसल्याने ते योग्य ठिकाणी वळविण्याचे काम पृष्ठातील जावास्क्रिप्टलाच करावे लागते. ती काढून टाकल्यास हे जुने दुवे मुखपृष्ठाशीच थांबतात.

इतिहास-सुविधा : एचटीएमएल ५ बरोबर आलेल्या ‘पुशस्टेट’ व ‘रिप्लेसस्टेट’ या आज्ञांनी पृष्ठ न मागविता संपूर्ण पत्ता बदलणे शक्य झाले. पहिली आज्ञा इतिहासात नवी नोंद करते, तर दुसरी चालू नोंद बदलते. ‘मागे’ जाताच ‘पॉपस्टेट’ ही घटना आज्ञावलीला सूचना देते. क्रोम व सफारी यांनी २०१० मध्ये, फायरफॉक्सने २०११ मध्ये व इंटरनेट एक्सप्लोररने २०१२ मध्ये हे साधन उपलब्ध केले. बॅकबोन, अँग्युलर, एम्बर इ. साधनसंचांनी मार्गनिर्धारणास स्वतंत्र घटकाचे रूप दिले. रिॲक्टसाठी राउटर हा पूरक संच निर्माण झाला.

या पद्धतीत सर्व्हरचे सहकार्य अनिवार्य असते. आतील पत्ता थेट उघडला असता सर्व्हरने अनुप्रयोगाचे मूळ पृष्ठ अथवा तयार मजकूर न दिल्यास ‘पृष्ठ सापडत नाही’ (४०४) असे उत्तर येते. सर्व्हरची मांडणी हाती नसेल तेथे ‘#’ ची जुनी पद्धत अद्याप उपयोगी पडते. पत्त्यात काय ठेवावे हाही विवेकाचा प्रश्न आहे. शोधशब्द, निवडलेले वर्ग, पृष्ठक्रमांक यांसारखी इतरांस दाखविण्याजोगी स्थिती पत्त्यात असणे इष्ट. परवलीचे शब्द व खाजगी माहिती मात्र त्यात कदापि नसावी, कारण दुव्याबरोबर तीही इतरांच्या हाती जाते.

इतिहास-सुविधेतील उणिवा दूर करण्यासाठी २०२२ मध्ये क्रोम १०२ मध्ये ‘नेव्हिगेशन’ ही नवी सुविधा दाखल झाली. तंत्रे बदलली, तरी एखाद्याने आज दिलेला दुवा दुसऱ्यास अनेक वर्षांनंतरही त्याच मजकुरापर्यंत नेतो की नाही, हीच मार्गनिर्धारणाची खरी कसोटी होय.