पंचाविना खेळ : ‘अल्टिमेट’मधील फाउलचा निवाडा

पवईतील एखाद्या मोकळ्या मैदानावर रविवारी सकाळी नजर टाकावी. एकाच वेळी क्रिकेटचे चार-पाच डाव रंगलेले दिसतात. पंच बहुधा फलंदाजी करणाऱ्या संघाचाच एखादा गडी असतो. धावबादचा प्रश्न निघाला की हुज्जत सुरू होते आणि ज्याचा आवाज मोठा, किंवा ज्याची बॅट, त्याच्या बाजूने निकाल लागतो. मुंबईकराने लहानपणापासून पाहिलेला हा न्याय आहे.

याच मैदानावर सात-सात खेळाडूंचे दोन संघ १७५ ग्रॅम वजनाची तबकडी घेऊन उतरले आहेत, अशी कल्पना करू. हवेत तरंगत येणारी तबकडी झेलण्यासाठी दोघे झेपावतात, धडक होते, तबकडी खाली पडते आणि एक खेळाडू मोठ्याने ‘फाउल’ म्हणतो. शिट्टी वाजत नाही, कारण शिट्टी वाजवणारा कोणी नसतोच. ते दोघे अर्धा मिनिट आपसांत बोलतात आणि खेळ पुढे सुरू होतो. पंचाविना हा निवाडा नेमका कसा होतो, हे समजून घेण्याजोगे आहे.

खेळाची तोंडओळख

‘फ्रिस्बी’ हे एका कंपनीचे नोंदणीकृत नाव असल्यामुळे या खेळाचे अधिकृत नाव नुसते ‘अल्टिमेट’ असे आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मेपलवूड येथील कोलंबिया हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी १९६८ मध्ये त्याची सुरुवात केली. १९८५ मध्ये जागतिक फ्लाइंग डिस्क महासंघ स्थापन झाला. २००१ मध्ये जपानमधील अकिता येथे झालेल्या जागतिक क्रीडास्पर्धांत (‘वर्ल्ड गेम्स’) या खेळाला पदकाचे स्थान मिळाले आणि २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने महासंघाला पूर्ण मान्यता दिली.

मैदान १०० मीटर लांब व ३७ मीटर रुंद असते. त्याच्या दोन्ही टोकांना १८ मीटर खोलीचे गोलक्षेत्र असते. प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात सहकाऱ्याने फेकलेली तबकडी झेलली की एक गुण मिळतो. तबकडी हातात असलेल्या खेळाडूला धावता येत नाही. एक पाय रोवून, त्याच पायावर फिरत त्याने ती फेकायची असते. त्याच्यासमोर उभा असलेला बचावपटू, म्हणजे ‘मार्कर’, मोठ्याने एक ते दहा अंक मोजतो. त्याने ‘दहा’ उच्चारण्यास आरंभ करेपर्यंत तबकडी हातातून सुटली नाही, तर ती प्रतिपक्षाकडे जाते.

फाउल आणि व्हायलेशन

नियमभंगाचे वेगवेगळे वर्ग आहेत. प्रतिस्पर्ध्यांमध्ये दखल घेण्याजोगा शारीरिक संपर्क झाला, तर तो ‘फाउल’ होय. बाकीचे नियमभंग अशा संपर्काविना होतात. पाय सरकवणे (‘ट्रॅव्हल’), सहकाऱ्याच्या पाठीराख्या बचावपटूची वाट अडवणे (‘पिक’), अंक घाईघाईने मोजणे ही त्याची उदाहरणे.

फाउलची मागणी कोणी करायची, हेही ठरलेले आहे. ज्याच्यावर फाउल झाला, केवळ त्यानेच ‘फाउल’ म्हणायचे. बाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला किंवा उत्साही समर्थकाला तो अधिकार नाही. मागणी तत्काळ व्हावी लागते. आधी झेल सुटतो की नाही ते पाहावे आणि मग फाउल आठवावा, अशी सोय नियमांनी ठेवलेली नाही. शिवाय खेळाच्या निष्पत्तीवर परिणाम होईल इतकी चूक मोठी असेल, तरच मागणी करावी, अशी अपेक्षा नियमपुस्तकातच नोंदवलेली आहे.

मागणीनंतरचे टप्पे

‘फाउल’ हा शब्द उच्चारला गेला की खेळ थांबतो. तबकडी हवेत असल्यास त्या फेकीचा निकाल लागेपर्यंत थांबतात. फाउल होऊनही तबकडी मागणी करणाऱ्याच्याच संघाला मिळाली आणि त्याचे काही नुकसान झाले नाही, तर खेळ तसाच पुढे चालू राहतो. एरवी ज्याच्यावर आरोप आहे, त्याच्यासमोर दोन पर्याय असतात. त्याने आरोप मान्य करायचा, किंवा ‘कॉन्टेस्ट’ म्हणून अमान्य करायचा.

वर कल्पिलेल्या धडकेचेच उदाहरण घेऊ. बचावपटूने आरोप मान्य केला, तर झेलणाऱ्याला जिथे धक्का लागला तिथे तबकडी मिळते. जणू झेल पूर्ण झाला होता, असे समजून खेळ पुढे सुरू होतो. ती जागा गोलक्षेत्रात असली, तरी आपोआप गुण मिळत नाही. जवळच्या गोलरेषेवरून पुन्हा तबकडी फेकावी लागते. बचावपटूने आरोप अमान्य केला, तर तबकडी मूळ फेकणाऱ्याकडे परत जाते आणि ती फेक झालीच नव्हती असे धरले जाते.

या रचनेतील मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. मतभेद कायम राहिला तरी खेळ अडत नाही. कोण खरे बोलत होता, हे ठरवण्याची गरजच उरत नाही. शेवटच्या निर्विवाद क्षणापर्यंत घड्याळाचे काटे मागे फिरवले जातात, इतकेच. चर्चेलाही मर्यादा आहे. ४५ सेकंदांत एकमत झाले नाही, तर मागणी अमान्य झाली असे समजून पुढच्या १५ सेकंदांत खेळ सुरू करायचा असतो. या चर्चेत ज्याला घटना सर्वांत स्पष्ट दिसली, त्याच्या मताला वजन असते. आपल्याच सहकाऱ्याची मागणी चुकीची वाटली, तर तसे त्याला सांगणे हे खेळाडूचे कर्तव्य मानले जाते. मागणी मागे घेण्याचीही मुभा आहे.

खेळ न थांबवता दुरुस्ती

प्रत्येक चुकीसाठी खेळ थांबवला, तर सामना संपणारच नाही. म्हणून किरकोळ चुकांसाठी सुटसुटीत व्यवस्था आहे. मार्कर भराभर अंक मोजू लागला, किंवा तबकडीच्या व्यासाहून कमी अंतर राखून अंगाशी आला, तर फेकणाऱ्याने त्या चुकीचे नाव घ्यायचे. मार्करने चूक सुधारायची आणि शेवटी उच्चारलेल्या अंकातून एक वजा करून मोजणी पुढे न्यायची. तीच चूक वारंवार होत असेल, तर मात्र ‘व्हायलेशन’ म्हणून खेळ थांबवता येतो. ‘ट्रॅव्हल’मध्येही खेळ थांबत नाही. फेकणाऱ्याने योग्य जागी पाय रोवावा आणि पुढे खेळावे, एवढेच अपेक्षित असते.

‘पिक’चा नियम तर अधिकच विचारपूर्वक केलेला आहे. वाट अडवली गेलेल्या बचावपटूला मागणीपूर्वी दोन सेकंद थांबता येते, म्हणजे अडथळ्याचा खरोखर परिणाम होतो का, हे त्याला पाहता येते. मागणी मान्य झाल्यास अडथळा नसता तर तो जिथे पोहोचला असता, तिथे त्याला उभे केले जाते.

शिक्षा का नाही?

कोणीही जाणूनबुजून नियम मोडणार नाही, हा विश्वास ‘अल्टिमेट’च्या नियमांचा पाया आहे. त्याला ‘स्पिरिट ऑफ द गेम’, म्हणजे खेळभावना, असे म्हणतात. म्हणूनच फाउलसाठी दंड नाही. नियमभंग झाला नसता तर जे घडले असते, ती स्थिती परत आणणे एवढाच उद्देश आहे. बास्केटबॉलमध्ये अखेरच्या मिनिटांत मुद्दाम फाउल करून घड्याळ थांबवण्याचे डावपेच सर्रास खेळले जातात, कारण तिथे फाउलची किंमत ठरलेली आहे. किंमत ठरली की व्यवहार सुरू होतो. ‘अल्टिमेट’मध्ये हेतुपुरस्सर फाउल हा डावपेच नव्हे, तर फसवणूक समजला जातो आणि त्याबाबत दोन्ही कर्णधारांनी बोलावे असा संकेत आहे.

हा विश्वास भाबडा आहे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. एखाद्याने प्रत्येक वेळी ‘कॉन्टेस्ट’ म्हणायचे ठरवले, तर नियम त्याला थेट रोखू शकत नाहीत. म्हणूनच अमेरिकेत मोठ्या सामन्यांसाठी निरीक्षक नेमण्याची पद्धत पडली. जागतिक महासंघाच्या स्पर्धांत सल्लागार असतात. पण ते आपले मत देतात, निर्णय खेळाडूच घेतात. २०१२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या व्यावसायिक लीगने तर थेट पंच आणले. तरीही तिथे एक कलम राखले गेले आहे : पंचाचा निर्णय आपल्याला चुकीने लाभदायक ठरला, तर खेळाडू तो प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने फिरवू शकतो.

प्रतिस्पर्ध्याने दिलेले गुण

शिक्षा नसली तरी हिशेब आहे. सामना संपल्यावर दोन्ही संघ एकमेकांना खेळभावनेचे गुण देतात. नियमांचे ज्ञान व वापर, फाउल व शारीरिक संपर्क, निष्पक्षपातीपणा, वृत्ती व संयम, आणि संवाद या पाच बाबींसाठी प्रत्येकी शून्य ते चार गुण असतात. दोन म्हणजे सर्वसाधारण चांगले वर्तन. म्हणजेच २० पैकी १० गुण मिळवणारा संघ कमी पडला असे होत नाही. तो सामना जसा व्हायला हवा तसा झाला, असा त्याचा अर्थ असतो. अनेक स्पर्धांत विजेत्या संघाच्या जोडीने सर्वाधिक खेळभावना दाखवणाऱ्या संघालाही गौरवले जाते.

अशा प्रामाणिकपणाचे उदाहरण मुंबईला नवे नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडे स्टेडियमवरील सुवर्णमहोत्सवी कसोटीत पंचांनी इंग्लंडच्या बॉब टेलरला झेलबाद ठरवले होते. तबकडीचा नव्हे, क्रिकेटचा सामना, पंचही हजर. चेंडूला बॅट लागली नव्हती, असे वाटल्याने भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याने त्याला परत बोलावले. त्यावेळी इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाले होते. पुढे टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत १० गडी राखून हरला. विश्वनाथचे ते वर्तन अपवाद म्हणून क्रिकेटच्या इतिहासात नोंदले गेले. ‘अल्टिमेट’ने तोच अपवाद नियम म्हणून लिहून ठेवला आहे आणि तो पाळण्याची जबाबदारी मैदानावरील चौदाही जणांवर सोपवली आहे.