ऊर्जेचा नियम आणि एका वैद्याची उपेक्षा

ऊर्जा निर्माण करता येत नाही व नष्टही करता येत नाही; तिचे केवळ रूपांतर होते, हा नियम आज शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असतो. तो प्रथम उच्चारणाऱ्यांपैकी एकाला त्यासाठी काय सोसावे लागले, हे मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. तो इतिहास वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचा आमचा मानस आहे.

रोबर्ट मायर यांचा जन्म 1814 साली जर्मनीतील हाईलब्रॉन येथे झाला. 1840 मध्ये ते एका डच जहाजावर वैद्य म्हणून जावा बेटाकडे निघाले. सुराबाया येथे आजारी खलाशांची शीर कापून रक्त काढताना ते इतके लालभडक दिसले, की आपल्या हातून चुकून धमनीच कापली गेली असे त्यांना वाटले. उष्ण प्रदेशात असेच असते, असे तेथील वैद्यांनी सांगितले. मायर विचारात पडले. उष्ण हवेत देह ऊबदार ठेवण्यासाठी अन्नाचे ज्वलन कमी लागत असावे, म्हणून रक्तात प्राणवायू अधिक उरत असावा, असा त्यांचा तर्क होता. पण त्याच अन्नातून मनुष्य श्रमही करतो. मग उष्णता आणि श्रम ही एकाच गोष्टीची दोन रूपे असली पाहिजेत आणि त्यांच्या विनिमयाचा दर ठरलेला असला पाहिजे.

1841 साली त्यांनी पोगेनडॉर्फ यांच्या नियतकालिकाकडे निबंध पाठविला. त्यात यांत्रिकीच्या चुका होत्या. तो छापला गेला नाही. सुधारलेला निबंध 1842 मध्ये लीबिग यांच्या रसायनविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाणी एक अंश सेल्सिअसने तापविणारी उष्णता म्हणजे तेवढेच वजन सुमारे 365 मीटर उंचीवरून पडण्याइतके कार्य, असे त्यांनी काढले. आज हा आकडा सुमारे 427 मीटर मानला जातो. वनस्पती सूर्यप्रकाश साठवितात व त्यावरच प्राण्यांचे बळ चालते, हे त्यांनी 1845 साली लिहिले.

याच काळात इंग्लंडमधील मद्यनिर्मात्याचे पुत्र जेम्स ज्यूल खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातील वल्ही फिरवीत होते आणि पाण्याचे तापमान किती वाढते ते अत्यंत काटेकोरपणे मोजीत होते. 1847 मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी हा नियम गणिताच्या भाषेत मांडला. त्यांचाही निबंध पोगेनडॉर्फ यांनी नाकारला.

पुढे श्रेयाचा वाद पेटला. मायर यांनी केवळ तर्क केला, सिद्ध काही केले नाही, असा आक्षेप आला. 1848 साली त्यांची दोन अपत्ये दगावली. 1850 मध्ये त्यांनी खिडकीतून उडी घेतली. ते वाचले, पण पुढे त्यांना मनोरुग्णालयात ठेवण्यात आले.

1862 साली लंडन येथे जॉन टिंडल यांनी ऊर्जेवर व्याख्यान दिले आणि शेवटी सांगितले, की हे सारे विचार मायर नावाच्या जर्मन वैद्याचे आहेत. ज्यूल यांचे चाहते संतापले, परंतु टिंडल मागे हटले नाहीत. रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक 1870 मध्ये ज्यूल यांना, तर 1871 मध्ये मायर यांना मिळाले. 1878 साली मायर निवर्तले.

ज्यूल यांच्या मापनावाचून मायर यांचा विचार तर्कच राहिला असता, हे खरेच. परंतु एकाला न्याय दिल्याने दुसऱ्याचे काही उणे होत नाही, हे टिंडल यांनी परक्या देशातील माणसाबाबत दाखवून दिले. जमिनीवर आदळलेल्या दगडाची गती उष्णतेच्या रूपाने उरते, तिची काळजी निसर्ग घेतो. माणसाच्या श्रमाची नोंद मात्र माणसांनाच ठेवावी लागते, असे आम्हांस वाटते.