खालिद जमील

खालिद जमील (जन्म : २१ एप्रिल १९७७, कुवेत) हे भारतीय फुटबॉल प्रशिक्षक आणि माजी फुटबॉलपटू आहेत. मध्यरक्षक म्हणून ते मुंबईतील महिंद्र युनायटेड व एअर इंडिया या संघांकडून आणि भारताच्या राष्ट्रीय संघाकडून खेळले. २००९ मध्ये प्रशिक्षणाच्या क्षेत्रात उतरल्यानंतर त्यांनी मुंबई एफसी, ऐझॉल एफसी, ईस्ट बंगाल, मोहन बागान, नॉर्थईस्ट युनायटेड आणि जमशेदपूर एफसी या संघांना मार्गदर्शन केले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली ऐझॉल एफसीने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. देशाच्या सर्वोच्च साखळीचे विजेतेपद मिळवणारा तो ईशान्य भारतातील पहिला संघ होय. १ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांची राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती केली. गोव्याचे साव्हियो मेदेरा यांच्यानंतर, म्हणजे सुमारे १३ वर्षांनी, हे पद भारतीय प्रशिक्षकाकडे आले.

प्रारंभिक जीवन

जमील यांचा जन्म कुवेतमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय पंजाबी कुटुंबात झाला. फुटबॉलची गोडी त्यांना तेथेच लागली. फ्रान्सचे मध्यरक्षक मिशेल प्लाटिनी हे त्यांचे बालपणीचे आदर्श होते. आखाती युद्धाच्या काळात, १९९१ मध्ये, ते भारतात आले आणि पुढे मुंबई हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

खेळाडू म्हणून कारकीर्द

मुंबईचे फुटबॉल त्या काळी मुख्यत्वे कंपन्यांच्या संघांवर उभे होते. खेळाडूला नोकरी किंवा कंपनीचा करार मिळे आणि कुपरेज मैदानावरील स्थानिक साखळीपासून राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत तो त्या कंपनीच्या नावाने खेळे. जमील यांची कारकीर्द याच व्यवस्थेत घडली. १९९७ मध्ये ते महिंद्रच्या संघात दाखल झाले, पुढील वर्षी एअर इंडियाकडे गेले आणि २००२ मध्ये पुन्हा महिंद्र युनायटेडकडे परतले. त्या दशकात महिंद्र युनायटेड हा देशातील प्रमुख संघांपैकी एक होता. त्याने २००३ व २००५ मध्ये फेडरेशन चषक आणि डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जमील यांना राष्ट्रीय संघातही संधी मिळाली.

२००७ मध्ये मुंबई एफसी या नव्या क्लबची स्थापना झाली आणि जमील त्या संघात गेले. मात्र दुखापतींनी त्यांना मैदानापासून दूर ठेवले व २००९ मध्ये त्यांनी खेळातून निवृत्ती पत्करली. ते खेळले त्यांपैकी एकही संघ आज देशाच्या सर्वोच्च साखळीत नाही. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बरखास्त झाला, क्लब परवान्याचे निकष पूर्ण न झाल्याने एअर इंडियाला २०१३ मध्ये आय-लीगबाहेर पडावे लागले आणि २०१७ नंतर मुंबई एफसीही उरला नाही.

मुंबई एफसी (२००९–२०१६)

निवृत्तीनंतर लगेचच, वयाच्या ३२ व्या वर्षी, इंग्लंडचे डेव्हिड बूथ यांच्या जागी जमील मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये प्रशिक्षक एका हंगामात दोनदा बदलणे नवलाचे नाही. जमील या पदावर सलग सात वर्षे टिकले. क्लबची आर्थिक ताकद बेताची होती. कुपरेजच्या नूतनीकरणामुळे काही हंगाम संघाला घरचे सामने पुण्यात बालेवाडी येथे खेळावे लागले. विजेतेपदाच्या शर्यतीत हा संघ कधी नव्हता, परंतु जमील यांच्या काळात तो आय-लीगमधून एकदाही खाली घसरला नाही. भक्कम बचाव, मधल्या फळीत प्रतिस्पर्ध्याला जागा न देणे आणि संधी मिळताच वेगवान प्रतिहल्ला ही त्यांची पद्धत याच काळात पक्की झाली. हा खेळ प्रेक्षणीय नाही, अशी टीकाही तेव्हापासूनच होत आली आहे.

२०१६ मध्ये क्लबने त्यांना पदावरून दूर केले. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहून आय-लीगमधून बाहेर फेकला गेला.

ऐझॉल एफसी आणि आय-लीग विजेतेपद (२०१६-१७)

मिझोरमची राजधानी ऐझॉल येथील हा क्लब २०१५-१६ च्या हंगामात आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्यातील क्लबांनी स्पर्धेतून माघार घेतल्यामुळे महासंघाने त्याला पुन्हा प्रवेश दिला. हंगामाच्या तोंडावर जमील यांची नियुक्ती झाली तेव्हा साखळीत टिकून राहणे एवढेच क्लबचे उद्दिष्ट मानले जात होते. स्थानिक मिझो तरुण हा संघाचा गाभा होता. त्यांच्या जोडीला जमील यांनी मुंबई एफसीत आपल्या हाताखाली खेळलेले जयेश राणे व आशुतोष मेहता यांना आणले. सीरियाचे महमूद अल अमना आणि लायबेरियाचे अल्फ्रेड जार्यान या परदेशी मध्यरक्षकांनी मधली फळी सांभाळली.

हंगामाच्या अखेरीस विजेतेपदाची चुरस ऐझॉल आणि मोहन बागान या दोनच संघांत उरली. २२ एप्रिल २०१७ रोजी ऐझॉलच्या राजीव गांधी मैदानावर दोन्ही संघ समोरासमोर आले. ८३ व्या मिनिटाला बचावपटू झोहमिंगलियाना राल्टे यांनी हेडरद्वारे केलेल्या एकमेव गोलाने सामना यजमानांनी जिंकला. आता शेवटच्या सामन्यात ऐझॉलला केवळ बरोबरी पुरेशी होती. ३० एप्रिल रोजी शिलाँग येथे शिलाँग लाजाँगविरुद्ध संघ नवव्या मिनिटालाच पिछाडीवर पडला. तिकडे कोलकात्यात मोहन बागान आपला सामना जिंकण्याच्या मार्गावर होता, त्यामुळे पराभव म्हणजे विजेतेपदावर पाणी. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेला यांनी बरोबरी साधली आणि सामना १–१ असा सुटला. १८ सामन्यांत ११ विजय, ४ बरोबरी व ३ पराभव अशा कामगिरीसह ऐझॉलचे ३७ गुण झाले, तर मोहन बागानचे ३६.

या विजेतेपदाने क्लबला इंडियन सुपर लीगचे (आयएसएल) दार मात्र उघडले नाही. त्या स्पर्धेत तेव्हा मैदानावरील कामगिरीच्या आधारे प्रवेशाची सोय नव्हती, आणि क्लबने केलेल्या निषेधाचाही उपयोग झाला नाही. जमील यांनीही ऐझॉल सोडले.

कोलकात्यातील कारकीर्द

जून २०१७ मध्ये ते ईस्ट बंगालचे प्रशिक्षक झाले. संघाने त्या वर्षी सलग आठव्यांदा कलकत्ता फुटबॉल लीग जिंकली, परंतु समर्थकांना ओढ होती ती आय-लीगची. तेथे संघ चौथा आला. २०१८ च्या सुपर चषकात अंतिम फेरीत बंगळूरू एफसीकडून ४–१ असा पराभव झाल्यानंतर हा अध्याय संपला. जानेवारी २०१९ मध्ये मोहन बागानने हंगामाच्या मध्यावर त्यांना पाचारण केले. तो संघ पाचव्या स्थानावर राहिला.

इंडियन सुपर लीग

आयएसएलमध्ये मुख्य प्रशिक्षक परदेशी आणि सहायक भारतीय अशी विभागणी सुरुवातीपासून रूढ होती. आय-लीग जिंकलेले जमीलही २०१९ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये दुय्यम भूमिकेतच दाखल झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये रॉबर्ट यार्नी यांना हटवल्यावर उरलेल्या सामन्यांपुरती सूत्रे त्यांच्याकडे आली. पुढील हंगामात ते पुन्हा सहायक झाले. जानेवारी २०२१ मध्ये स्पॅनिश प्रशिक्षक जेरार्ड नुस यांची गच्छंती झाली आणि जमील दुसऱ्यांदा हंगामी प्रशिक्षक बनले. तेव्हा ११ सामन्यांत संघाचे १२ गुण होते. उरलेल्या नऊ सामन्यांपैकी एकही न गमावता संघाने ३३ गुणांसह तिसरे स्थान गाठले. उपांत्य फेरीत एटीके मोहन बागानकडून एकूण ३–२ अशी हार झाली, तरी आयएसएलच्या बाद फेरीत संघ नेणारे जमील हे पहिले भारतीय प्रशिक्षक ठरले. ऑक्टोबर २०२१ मध्ये क्लबने त्यांना पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक नेमले. आयएसएलमध्ये हा मानही प्रथमच एका भारतीयाला मिळाला. तो हंगाम मात्र फसला आणि संघ दहावा आला.

बंगळूरू युनायटेड या क्लबकडे काही काळ काम केल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये ते स्कॉट कूपर यांच्या जागी जमशेदपूर एफसीत आले. २०२३-२४ मध्ये अकरावा आलेला हा संघ पुढील हंगामात पाचवा आला. बाद फेरीत त्याने नॉर्थईस्ट युनायटेडला २–० असे हरवले. उपांत्य फेरीत मोहन बागानविरुद्ध घरचा सामना २–१ असा जिंकूनही कोलकात्यातील परतीच्या लढतीत भरपाई वेळेतील गोलने संघाचे आव्हान संपले. मे २०२५ मध्ये सुपर चषकाच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाने जमशेदपूरला ३–० असे नमवले.

राष्ट्रीय संघ

बॉब हॉटन यांच्यापासून मानोलो मार्केझ यांच्यापर्यंत राष्ट्रीय संघाची सूत्रे बहुतांशी परदेशी प्रशिक्षकांकडेच होती. २०११-१२ मधील आर्मांदो कुलासो व मेदेरा हे दोघे गोमंतकीय त्याला अपवाद. मार्केझ यांच्या राजीनाम्यानंतर स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्टेफान तारकोविच या परदेशी उमेदवारांना मागे टाकून जमील यांची निवड झाली. परिस्थिती अनुकूल नव्हती. आयएसएलचा पुढील हंगामच अनिश्चित होता आणि २०२७ च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत दोन सामन्यांत भारताच्या खात्यात एकच गुण होता.

पहिल्याच स्पर्धेसाठी, मध्य आशियातील काफा नेशन्स चषकासाठी, मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत. तरीही २९ ऑगस्ट २०२५ रोजी भारताने यजमान ताजिकिस्तानला २–१ असे हरवले. इराणविरुद्ध ०–३ असा पराभव व अफगाणिस्तानशी गोलशून्य बरोबरी झाली. तिसऱ्या स्थानाच्या लढतीत जागतिक क्रमवारीत ७९ व्या असलेल्या ओमानला भारताने १–१ अशा बरोबरीनंतर पेनल्टी शूटआऊटमध्ये ३–२ असे नमवले.

पात्रता फेरीत मात्र निकाल उलटे लागले. ९ ऑक्टोबर रोजी सिंगापूरमध्ये, संदेश झिंगन यांना लाल कार्ड मिळाल्यावर दहा खेळाडूंनिशी खेळणाऱ्या भारताला रहीम अली यांनी ९० व्या मिनिटाला १–१ अशी बरोबरी साधून दिली. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर लालियानझुआला छांगते यांनी भारताला आघाडीही मिळवून दिली. त्यानंतर दक्षिण कोरियात जन्मलेले सिंगापूरचे मध्यरक्षक सोंग उइ-यंग यांनी दोन गोल केले, सामना १–२ असा गेला आणि आशियाई चषकाच्या पात्रतेची आशा संपली. १८ नोव्हेंबर रोजी ढाका येथे बांगलादेशने भारताला १–० असे हरवले. २००३ नंतर त्या देशाकडून भारताचा हा पहिलाच पराभव होता.

पुरस्कार

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी सलग दोन वर्षे जमील यांना सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकाचा पुरस्कार दिला. आशियाई फुटबॉल महासंघाचा प्रो परवाना, म्हणजे प्रशिक्षकांसाठीची सर्वोच्च पात्रता, त्यांच्याकडे आहे.