माहीम तालुक्याची खानेसुमारी आणि आनुवंशिक बहिरेपणाची चिकित्सा

पालघर जिल्हा 2014 साली अस्तित्वात आला; परंतु आज ज्यास आपण पालघर तालुका म्हणतो, तो इंग्रजी अमदानीत ठाणे जिल्ह्याचा माहीम तालुका म्हणून ओळखला जात असे. 1881 ते 1931 पर्यंतच्या खानेसुमारीत अंध, वेडे व कुष्ठरोगी यांच्याबरोबर बहिऱ्या-मुक्यांचीही नोंद होई. भाषाभ्यासकास हा जोडशब्दच चिंतनीय वाटतो. ‘बहिरा’ हा संस्कृत बधिरापासून, ‘मुका’ हा मूकापासून आला. वस्तुतः अशा मुलाची वागिंद्रिये बहुधा शाबूत असतात. भाषा कानी न पडल्यामुळे ते बोलत नाही. रकान्याने कारण आणि परिणाम यांस एकच व्यंग मानले.

याहून मोठी उणीव निराळीच होती. ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी बहिरे मूल का जन्मावे, हे प्रगणकास कळण्याजोगे नव्हते, कारण सदोष जनुकाची एकच प्रत बाळगणारी माणसे कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. 1997 साली जीजेबी2 या जनुकाचा बहिरेपणाशी संबंध सिद्ध झाला. भारतीय रुग्णांत या जनुकाचा विशेष आढळणारा दोष असा, की 226 घटकांचे प्रथिन चोविसाव्या घटकाशीच खुंटते. वाक्य आरंभीच तोडावे, तसे. हा दोष एका समान पूर्वजापासून पसरला असावा, असे संशोधकांचे मत आहे.

जानेवारी 2024 मध्ये शांघाय येथील चिकित्सकांनी सहा मुलांवरील जनुकोपचाराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पैकी पाचांना ऐकू येऊ लागले. मात्र तो दोष ओटीओएफ या निराळ्या जनुकाचा होता. ते जनुक इतके लांब, की दोन विषाणूंत विभागून न्यावे लागले. जीजेबी2 आखूड आहे, एका विषाणूत सहज मावते. अडचण आहे ती योग्य पेशी गाठण्याची. ते आधारपेशींत हवे. रोमपेशींत शिरल्यास अपाय करते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले. अधिजनुकीय मार्गाने, म्हणजे जनुक न बदलता त्याचे कार्य जागे करून, रोमपेशी पुन्हा निर्माण करण्याचा एक गाजलेला प्रयत्न 2023 साली मानवी चाचणीत फसला. तो आनुवंशिक दोषासाठी नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

तेव्हा शांघायच्या यशाने आपल्याकडील बहुसंख्य कुटुंबांचा प्रश्न सुटला, असे समजणे घाईचे होईल. दरम्यान मुलाची भाषा शिकण्याची पहिली वर्षे उपचाराची वाट पाहत थांबत नाहीत. त्या वर्षांत त्यास खुणांची भाषा मिळते की नाही, हा प्रश्न वैद्यकाचा नसून आमच्या शास्त्राचा आहे.