माफीचा साक्षीदार आणि कादंबरीतला ठग

कादंबरी हे इतिहासाचं साधन होऊ शकतं का, असा प्रश्न सिनॉप्सिस लिहायला बसलेले बरेचजण विचारतात. नुसतं 'हो' म्हणून भागत नाही, कारण पुढचा प्रश्न 'कशाचं साधन?' असा असतो. म्हणून आज एकच कादंबरी घेऊ. फिलिप मेडोज टेलरची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग', प्रकाशन लंडन, १८३९.

टेलर निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी. (मराठवाड्यातल्या वाचकांसाठी: १८५३ नंतर नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार याच्याकडेच होता, आणि त्याची 'तारा' ही कादंबरी तुळजापुरात सुरू होते.) कादंबरीत अमीर अली नावाचा कैदी एका साहेबाला आपली कहाणी सांगतो. लहानपणी ठगांनी त्याच्या आईबापांना मारलं आणि त्यांच्यातल्याच इस्माईलने त्याला मुलगा मानून वाढवलं. मोठेपणी अमीर देखणा, अदबशीर, गोडबोल्या होतो. वाटेत भेटलेल्या सावकाराशी घटकाभरात दोस्ती करतो, रस्ता धोक्याचा आहे, सोबतीने जाऊ म्हणतो. पुढे रुमालाचा फास.

आणि तरीही वाचता वाचता तो तुम्हाला आवडायला लागतो. त्याची काळजी वाटते. नकळत त्याच्या हातून सख्खी बहीण मारली जाते, तेव्हा त्याचंच वाईट वाटतं. असं झालं तर दचकू नका, पण ते वहीत लिहून ठेवा. हा आवडता ठग तयार कसा झाला, हाच आपला संशोधनप्रश्न.

आधी शब्द बघा. मराठीत ठकवणं म्हणजे फसवणं. 'ठकास महाठक' म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे प्रेत येत नाही. इंग्रजीत गेल्यावर मात्र 'ठग' म्हणजे दांडगाई करणारा गुंड झाला, फसवणूक मागे पडली. टेलरच्या पुस्तकात ती अजून शाबूत आहे. टोळीत गोड बोलून सावज आणणारा 'सोठा' वेगळा आणि फास टाकणारा वेगळा. अमीर दोन्हींत तरबेज.

ही माहिती टेलरच्या काळात आली कुठून? माफीच्या साक्षीदारांकडून. पकडलेल्या ठगाने साथीदारांची नावं सांगायची, गाडलेली प्रेतं दाखवायची, बदल्यात त्याचा फास टळायचा. विल्यम स्लीमनने अशा साक्षीदारांशी झालेली संभाषणं 'रामासीयाना' या १८३६ च्या पुस्तकात छापली. तिथे प्रश्न आणि उत्तर दोन्ही दिसतात. साहेब काय विचारतो, कुठे खोदतो, देवीचा विषय पुन्हापुन्हा कसा काढतो, सगळं कळतं. टेलरच्या कादंबरीत साहेब अधूनमधून बोलतो खरा, पण प्रश्नांचा तो मारा गेलेला असतो. उरतो एक रसाळ, अखंड आत्मकथा सांगणारा माणूस. तो इतका रंगून का सांगतो? कारण ज्याचा जीव बोलण्यावर टिकून आहे, त्याला बोलता यावंच लागतं. शिवाय साक्षीदार बोलले हिंदुस्तानीत आणि आपल्या हाती येते इंग्रजी, हेही विसरू नका.

आता कायदा. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने, माणूस ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप आणि सक्तमजुरी देता येऊ लागली. अमुक खून यानेच केला, हे दाखवायची गरज उरली नाही. हे डोक्यात ठेवून अमीरकडे परत या. त्याचं लाघव हाच सरकारपक्षाचा युक्तिवाद होतो! इतका सभ्य दिसणारा माणूस खुनी असेल, तर रस्त्यावरच्या कुठल्याही परक्या प्रवाशाचा भरवसा काय? आपलेपणा हाच पुरावा ठरला, की निर्दोष माणसाने सुटायचं कसं?

कृती नव्हे, गट गुन्हेगार, हा विचार तिथेच थांबला नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात तो दिसतो. १९११ च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही आला, पारधी-कैकाडी घरांच्या वाट्याला हजेऱ्या आल्या, सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत झाली. या जमाती 'विमुक्त' झाल्या १९५२ साली.

पण म्हणून 'ठग नव्हतेच, सगळं इंग्रजांनी रचलं' असं लिहून मोकळे होऊ नका. व्हायव्हात अडकाल. राधिका सिंघा कायद्याच्या बाजूने हा विषय उलगडतात. किम वॅग्नर २००७ च्या पुस्तकात ठगी ही खरीखुरी लूटमार होती असं मांडतात आणि तरीही वसाहतकालीन चित्र जसंच्या तसं स्वीकारत नाहीत. माझा कल वॅग्नरकडे आहे. साक्षीदाराची जबानी वाचायची कशी, यासाठी शाहिद अमीन यांचा चौरीचौऱ्याच्या खटल्यावरचा १९८७ चा लेख वाचाच.

तोवर एक काम करा. 'रामासीयाना'मधली दहा पानं घ्या, उत्तरं झाका आणि फक्त प्रश्न वहीत उतरवा. मग कादंबरीचं एक प्रकरण घ्या आणि यातल्या कुठल्या प्रश्नांची उत्तरं अमीर कुणी न विचारताच देतोय, ते समासात लिहीत जा.